उशिरा आलेलं हसू

मी एक तबकडी बोलतेय. काळी, वाटोळी, मधोमध भोक असलेली. तुमचे आजोबा मला ध्वनिमुद्रिका म्हणायचे, तुम्ही रेकॉर्ड म्हणता. जरा बसून घ्या. मला सावकाश बोलायची सवय आहे आणि या वयात ती काही सुटायची नाही.

गाणं माझ्या नशिबी नव्हतं. माझ्या पोटात एका माणसाच्या गप्पा आहेत आणि त्या ऐकून हसणारं एक अख्खं सभागृह आहे. दुसऱ्या तबकड्यांत सतार असते, व्हायोलिन असतं. माझ्यात हशा आहे. याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही.

अमेरिकेच्या दक्षिणेला जॉर्जिया नावाचं राज्य आहे आणि तिथे सव्हाना हे बंदराचं गाव. तिकडची माणसं शब्द ओढून ओढून, चघळत चघळत बोलतात. उत्तरेकडचे लोक त्यावरून त्यांना अडाणी समजतात, पण ते जाऊ दे, प्रत्येक देशात अशी एक दिशा असतेच. तर त्या गावचा हार्लन टेट हा माझा जन्मदाता. दारोदार फिरून शिलाई मशिनी दुरुस्त करायचा. मशीन खोलून बसलं की घरातल्या बायका गावच्या भानगडी सांगायच्या. संध्याकाळी हा त्याच भानगडी मीठमसाला लावून चार माणसांत सांगायचा. पुढे लोक तिकीट काढून ऐकायला येऊ लागले. एकटाच माइकसमोर उभा राहायचा. आता तुम्ही ज्याला स्टँड-अप म्हणता तेच ते, फक्त शिव्या कमी आणि खेचरं जास्त.

माझ्या दुसऱ्या बाजूला त्याची नामांकित गोष्ट आहे, मामाच्या खेचराची. हे खेचर ओढ्यावरच्या पुलावर पाय ठेवायला तयार नसे. मामाने गोंजारलं, गाजर दाखवलं, चाबूक दाखवला, पाद्रीबुवांना आणून प्रार्थना म्हणवली. खेचर ढिम्म. शेवटी मामा वर्षानुवर्षं लांबचा वळसा घालून बाजाराला जात राहिला आणि वाटभर खेचराच्या सात पिढ्यांचा उद्धार करत राहिला. एक दिवस वाऱ्याची झुळूकसुद्धा नसताना, मामाच्या डोळ्यांदेखत, अख्खा पूल कडाडकन ओढ्यात कोसळला. मामाने पुलाकडे पाहिलं. मग खेचराकडे पाहिलं. परत पुलाकडे पाहिलं.

इथे हार्लन थांबतो. इतका थांबतो की सुई नुसती खरखरत राहते. आणि मग मामा खेचराला म्हणतो, "अरे, आधी सांगायला काय झालं होतं तुला?"

सभागृह कोसळतं. हसून हसून लोक दमतात, शांत होतात. आणि मग दुसऱ्या रांगेतून एकच माणूस, सगळ्यांच्या नंतर, "हॅ हॅ हॅ" करून हसतो. ते ऐकून सभागृह पुन्हा हसतं.

त्या माणसाचं नाव जो गिलन. आयर्लंडच्या स्लायगो गावचा, सव्हानाच्या गोदीत कामाला आलेला. तिकडची बोली त्याच्या डोक्यात शिरायला वेळ लागायचा, म्हणून हसू उशिरा यायचं. स्टुडिओतला कापाकापी करणारा तंत्रज्ञ म्हणाला, "हे मधले रिकामे तुकडे काढून टाकू या. आणि तो एक वेडा हसतोय, तोही काढू." हार्लन म्हणाला, "गड्या, शब्द हवे तेवढे काप. मी जिथे थांबलोय तिथे हात लावू नकोस. आणि त्या वेड्यासाठीच तर मी थांबलो होतो."

अशी मी थांब्यांसकट जन्माला आले.

जो गिलन म्हातारपणी गावी परतला तेव्हा ट्रंकेत कपड्यांच्या घडीत मला घेऊन आला. नाताळच्या दुपारी तो मला लावायचा. धाकटा भाऊ टॉम आणि तो शेजारी शेजारी बसायचे. तबकडीतला जो हसला की खुर्चीतला जो हसायचा, आणि टॉम दोघांना हसायचा. मग एका वर्षी जो गेला. टॉमचं यंत्र बिघडलं, ते दुरुस्त करायची त्याला इच्छा उरली नाही, आणि मी त्याच्या स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये गेले. प्रेस म्हणजे कपाट, तिकडे तसंच म्हणतात. मुरंब्याच्या बरण्यांमागे मी वर्षानुवर्षं उभी होते. भावाचं हसू टॉमच्या घरात होतं आणि ऐकू येत नव्हतं. कपाट उघडलं की तो मला एक बोट लावायचा आणि साखर घेऊन जायचा.

मग दोन हजार वीस साल आलं. त्या साली काय झालं ते तुम्हाला सांगायला नको.

टॉमच्या मागच्या अंगणाच्या बुटक्या भिंतीपलीकडे एक मराठी कुटुंब राहत होतं. चारुदत्त वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात इंजिनिअर. तिथे इंजेक्शनच्या सुया बनतात, आणि मशीन जरा मंदावलं तरी याला घाम फुटतो. बायको निवेदिता सॉफ्टवेअरमध्ये, तेव्हा स्वयंपाकघरातल्या टेबलावरूनच तिचं ऑफिस चालायचं. मुलगी मुक्ता, तिला मराठी सगळं समजायचं, पण तोंड उघडलं की स्लायगोचं इंग्रजी. आणि चारुदत्तचे वडील, दत्तात्रय. नातीला भेटायला म्हणून फेब्रुवारीत आले आणि विमानं बंद झाल्यामुळे अडकले.

हे दत्तात्रय म्हणजे आमच्या हार्लनचे सख्खे भाऊ शोभावेत. वऱ्हाडात, मूर्तिजापूरच्या एस.टी. स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. भोंग्यावरून पुकारायचे, "अमरावतीकडे जानारी गाडी फलाटाले लागली आहे. डायव्हर चहा पिऊन राह्यला. तुमीबी घ्या बाप्पा." माणसं गाडी चुकली तरी चालेल, पण पुकारा ऐकायला थांबायची. गणपतीत, लग्नाच्या मांडवात, "दत्ताभाऊ, एक गोष्ट होऊन जाऊ द्या" म्हटलं की दोन तासांची निश्चिंती.

त्या उन्हाळ्यात त्यांना पक्षाघाताचा झटका आला. स्लायगोच्या मोठ्या रुग्णालयात जीव वाचला, हातपायही सुधारले. अडकलं ते बोलणं. शब्द डोक्यात असायचा, जिभेपर्यंत यायला वेळ लावायचा. स्क्रीनवरून बोलण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या बाई येत. त्यांनी बजावून सांगितलं होतं, "जेवढं बोलतील तेवढं परत येईल. बोलणं सोडलं तर मात्र आहे तेही जाईल."

पण ते घर पडलं घाईच्या माणसांचं. दत्तात्रय म्हणायचे, "च..." की चारुदत्त म्हणायचा, "चहा? आणतो बाबा!" त्यांना चष्मा हवा असायचा. चहा यायचा. ते बिचारे प्यायचे. "मा..." की निवेदिता, "मान दुखतेय?" त्यांना मुक्ता कुठाय ते विचारायचं असायचं. प्रेमापोटीच चाललं होतं सगळं, पण हळूहळू त्यांनी वाक्य सुरू करणंच सोडून दिलं. मानेने हो, मानेने नाही. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून राहायचे.

चारुदत्तची झोप उडाली. काहीतरी केलं पाहिजे म्हणून त्याने ऑनलाइन एक जुनं रेकॉर्ड प्लेअर मागवलं, बाबांना जुनी गाणी ऐकवावीत म्हणून. यंत्र आलं आणि मग लक्षात आलं, घरात रेकॉर्ड एकही नाही. हे इंजिनिअर लोक असेच. म्हणून भिंतीवरून त्याने टॉमला विचारलं.

टॉम आत गेला आणि बरण्यांमागून मला काढून भिंतीवर ठेवून दोन पावलं मागे सरला. "गाणी नाहीयेत यात," तो म्हणाला, "पण माझा भाऊ आहे. जपून वापर, म्हणजे ग्रँड." झकास याला तिकडे ग्रँड म्हणतात.

निवेदिताने मला घरात घेण्याआधी सॅनिटायझरने पुसलं. कव्हर, आतला कागद, मी स्वतः, सगळं. माझं एवढं वय झालं, पण अशी दारूची आंघोळ मला कुणी घातली नव्हती.

सुई टेकली. हार्लन बोलू लागला. एवढ्या वर्षांनी! माझ्या अंगावर शहारा आला आणि तेवढ्यात चारुदत्तने सुई उचलली.

"स्लो चालतंय," तो म्हणाला.

"मग?" निवेदिता लॅपटॉपवरून.

"अगं, कुणी माणूस एवढं हळू बोलतो का? बेल्ट ढिला असणार."

त्याने यंत्र पालथं घातलं. बेल्ट बदलला. तेल घातलं. मोबाईलवर फेरे मोजले तर वेग अगदी बरोबर निघाला, तेव्हा मोबाईलच चुकतोय असं ठरलं. शेवटी त्याने सरळ मोठ्या वेगाचा खटका दाबला आणि आमचा हार्लन चिमणीसारखा चिवचिवू लागला. थांबे सगळे भुर्रकन उडून गेले. जो गिलनचं हसू तर सशाच्या शिंकेएवढं झालं. खुर्चीतले दत्तात्रय कपाळाला आठ्या घालून बघत होते. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण काहीतरी अनर्थ चाललाय एवढं त्यांना कळत होतं.

भिंतीपलीकडून टॉमचा आवाज आला. "काय केलंस रे त्या माणसाचं?"

"यंत्र स्लो होतं टॉम, मी दुरुस्त केलं!"

"यंत्राला काही झालेलं नाही. तो माणूसच तसा बोलतो. दक्षिणेचा आहे तो. खाली घे बघू."

चारुदत्तचे कान लाल झाले. त्याने खटका मागे घेतला, खिडकी उघडी ठेवली, आणि मी दुसऱ्या बाजूने सुरुवात केली. टॉम भिंतीला टेकून उभा राहिला.

खेचर आलं, गाजर आलं, पाद्रीबुवा आले. दत्तात्रय पुढे झुकले. शब्द एकही कळत नव्हता, पण बोलणारा कुठे चाल संथ करतोय, कुठे दोर सोडतोय, हे त्यांना बरोबर कळत होतं. पूल कोसळला. हार्लन थांबला. आणि दत्तात्रयांनी एक बोट वर केलं, थांबा, कुणी हलू नका, अशा अर्थाने. खरखर, खरखर. मग शेवटचं वाक्य, मग हशा, आणि त्या हशात दत्तात्रयही हसले, बरोबर जागेवर. मागाहून जोचं "हॅ हॅ हॅ" आलं. भिंतीपाशी टॉमने टोपी काढून डोळे पुसले आणि वारा फार आहे असं म्हणाला.

"बाबा! तुम्हाला कळलं?" चारुदत्त ओरडला.

त्यांनी मानेने नाही म्हटलं आणि हाताने विचारलं, काय म्हणाला तो?

"काही नाही हो, थोडक्यात म्हणजे, पूल पडतो. खेचराला ते आधीच माहीत असतं, म्हणून ते जात नसतं. मग मामा म्हणतो, आधी का नाही सांगितलं. बेसिकली एवढंच."

दत्तात्रयांचा चेहरा लालबुंद झाला. जिभेने नकार दिला, त्यांनी खुर्चीचा हात गच्च धरला, आणि शब्द एकेक करून बाहेर ओढला.

"अशी... नाई... सांगत... गोठ."

गोठ म्हणजे वऱ्हाडीत गोष्ट. कितीतरी दिवसांत त्या घरात त्यांचं हे पहिलं पुरं वाक्य होतं, आणि ते रागाचं होतं. निवेदिता लॅपटॉप सोडून उठून आली.

"मी... सांगतो," ते म्हणाले. "एक... मामा होता. त्याच्यापाशी... एक... एक..."

शब्द अडला. मुक्ता गालावर हात ठेवून शांत बसली होती. एक क्षण गेला, आणखी एक, आणखी एक. चारुदत्तला राहवलं नाही. "खेचर!"

दत्तात्रय थांबले. मुलाकडे पाहिलं. मग काठी घेतली आणि आपल्या खोलीत निघून गेले. दार लागलं.

"तुला कळतंय का तू काय केलंस?" निवेदिताचा आवाज चढला होता. "आधी मशीनचा स्पीड वाढवलास, आता बाबांचा वाढवतोयस."

"मला बघवत नाही गं. तो शब्द त्यांच्या डोळ्यांत दिसत असतो आणि..."

"मलाही नाही बघवत. मीही तेच करते. एकटी मुक्ता तेवढी गप्प असते."

"आय डोंट नो द वर्ड्स, आई," मुक्ता म्हणाली. "सो आय जस्ट वेट."

खरंच होतं ते. पोरीचं मराठी तोकडं. आजोबांच्या मनातला शब्द तिला सुचायचाच नाही, म्हणून ती वाट पाहायची. चारुदत्तने त्या दिवशी मला कव्हरमध्ये घातलं नाही. यंत्रावर तसंच ठेवलं, बाबांच्या खुर्चीच्या हाताशी.

दुसऱ्या दिवशी दुपारी दत्तात्रय आले आणि त्यांनी स्वतःच सुई टेकवली. पुढचा सगळा हिवाळा हाच नेम झाला. बाहेर पाऊस आणि बंद दुकानं, आत हार्लन टेट. ऐकून झालं की सुई उचलायची आणि समोर मुक्ताला बसवून गोष्ट सांगायची. निवेदिताने त्यांना सगळी गोष्ट एकदा मराठीत नीट सांगितली होती. खेचर त्यांनी पहिल्याच आठवड्यात काढून टाकलं. "आपल्याकडं... बैल असते," म्हणाले. पाद्रीबुवांच्या जागी एस.टी.चा डेपो मॅनेजर आला. ओढ्याची उमा नदी झाली, मूर्तिजापूरची. मला जरा वाईट वाटलं, पण गोष्ट ही उसनी घ्यायचीच वस्तू आहे. हार्लननेही ती कुणाच्या तरी मशिनीपाशीच ऐकली असणार.

दत्तात्रय कधी पुलापर्यंत पोचायचे, कधी बैलाच्या नावापाशीच अडायचे. मराठीही मी तिथेच शिकले. दिवसभर कपाटाबाहेर ठेवल्यावर तबकडीला दुसरा उद्योग काय? चारुदत्त स्वयंपाकघरातून ऐकायचा. बाबा अडले की तो नळ सोडायचा आणि धुतलेली भांडी पुन्हा धुवायचा. पण बोलायचा नाही.

दोन हजार एकवीसच्या सप्टेंबरात निर्बंध सैल झाले. गणपती मागच्या अंगणात बसवला, स्लायगोतली चार मराठी घरं जमली, डंडॉक गावाहून निवेदिताची मैत्रीण उर्मिला मोदक घेऊन आली. टॉमला भिंतीवरून नाही, दारातून बोलावलं होतं. त्याला पहिली खुर्ची. मला खिडकीत ठेवलं होतं, सगळं दिसेल अशी.

आरती झाली आणि कुणीतरी सवयीने म्हणालं, "आता काहीतरी कार्यक्रम होऊ दे." आणि दत्तात्रय काठी टेकत उभे राहिले. अंगण एकदम गप्प झालं. त्या गप्पपणात भीती होती, मला ऐकू येत होती.

"मी... मूर्तिजापूरचा," त्यांनी सुरुवात केली. "माहा एक मामा होता. त्याच्यापाशी एक बैल होता. नाव... सरपंच."

हसू फुटलं. दत्तात्रयांनी ते येऊ दिलं, ओसरू दिलं. सरपंच पुलावर पाय ठेवत नव्हता. सरकीची ढेप दाखवली, टोचायची पराणी दाखवली. डेपो मॅनेजरने येऊन लेखी हुकूम वाचून दाखवला. "सरपंच म्हने... वरून मंजुरी पाह्यजे." बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. बोलणं हळू होतं, शब्दाशब्दात अंतर होतं, आणि त्या अंतरात माणसं पुढे झुकत होती.

पूल पडला. "मामानं पुलाकडं पाह्यलं. मंग... सरपंचाकडं पाह्यलं. मंग पुन्हा..."

आणि ते थांबले.

ओठ हलले, शब्द आला नाही. थांबले होते की अडले होते, हे मलाही कळेना, आणि मी तर थांबण्यातली जाणकार. चारुदत्तचं तोंड उघडलेलं मी पाहिलं. पुढचं वाक्य त्याला पाठ होतं, सगळा हिवाळा ऐकलेलं. निवेदिताने त्याचा हात धरला. त्याने समोरच्या ताटातला मोदक उचलला, अख्खा तोंडात कोंबला, आणि त्याबरोबर तो शब्दही गिळला. मुक्ता गालावर हात ठेवून बसली होती.

"...मामा म्हने, बाप्पा सरपंच... पयलेच सांगाले काय झालं होतं तुले?"

अंगण कोसळलं. उर्मिलेचे मोदक सांडले. चारुदत्त हसत होता की रडत होता ते तोंडातल्या मोदकामुळे कळत नव्हतं. हशा ओसरला, लोक डोळे पुसू लागले. आणि मग पहिल्या खुर्चीतून, सगळ्यांच्या मागाहून, एकच आवाज आला.

"हॅ हॅ हॅ."

टॉम. मराठीचा एक शब्द त्याला येत नव्हता, पण तो थांबा ओळखीचा होता आणि आता कळलं होतं, बैल म्हणजे खेचर. तेच हसू, तितकंच उशिरा. आजवर ते फक्त माझ्याच पोटात आहे असं मला वाटत होतं. अंगण पुन्हा हसलं, आणि टॉम स्वतःचाच आवाज ऐकून दचकला आणि माझ्याकडे, खिडकीकडे, बघू लागला.

सगळे पांगल्यावर चारुदत्त वडिलांपाशी आला. "बाबा, शेवटी तुम्ही अडला होतात ना?"

दत्तात्रय मिशीत हसले. "नाई रे," म्हणाले. "थांबलो होतो."

खरं काय ते त्यांनाच ठाऊक. मी विचारलं नाही.

डिसेंबरात ते मूर्तिजापूरला गेले. तिथे संध्याकाळी स्टँडवर जाऊन बसतात, मोबाईलवर मुक्ताला गोष्टी सांगतात, आणि ती अधूनमधून मराठीत उत्तर देते, अडखळत. आजोबा वाट पाहतात. मी टॉमकडे परत आलेय, पण बरण्यांमागे नाही. चारुदत्तने ते यंत्रही त्यालाच दिलं. नाताळच्या दुपारी खिडकी उघडी असते आणि भिंतीपलीकडचेही ऐकतात. माझ्यावर आता ओरखडे पडलेत, पाद्रीबुवांची प्रार्थना दोनदा वाजते. चालायचंच.

जाता जाता एकच मागणं आहे. तुमच्या घरात कुणी सावकाश बोलत असेल, तर त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. तो अडलाय की थांबलाय हे तुम्हाला कळणार नाही, आणि कळायची गरजही नाही. दोन्ही वेळा गप्प बसून वाट पाहायची असते. हसू येतं. थोडं उशिरा येतं, पण येतं.

माझी बाजू संपली. सुई तेवढी हळूच उचला.